कोठीतला दिवा

दिवा विझल्याची बातमी बाबांनी स्वतःच दिली, आणि तीही जेवताना मीठ मागावं इतक्या सहज.

"सूनबाई, दवाखान्यात फोन करून टाक. ऑपरेशन नको म्हणावं."

सूनबाईच्या हातातला डाव तसाच अधांतरी राहिला. दवाखान्यातल्या बाईनं सकाळपासून दोनदा बजावलं होतं. चारच्या आत होकार कळवा, नाहीतर मोठ्या उपासानंतरच्या दिवशी ठरलेली ऑपरेशनची वेळ दुसऱ्या पेशंटला जाईल आणि पुढची वेळ तीन महिन्यांनी मिळेल. बाबांच्या हृदयाची झडप तीन महिने कळ काढेल असं म्हणायला एकही डॉक्टर तयार नव्हता. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"का?" असं विचारायला तिची जीभ रेटेना. या घरात येऊन तिला अकरा वर्षं झाली होती, पण सासऱ्यांना "का" विचारायचं काम तिनं कायम नणंदेवर सोडलं होतं. नणंद म्हणजे ताई. चार गल्ल्या पलीकडे तिचं औषधांचं दुकान होतं आणि बापाशी भांडायचा परवाना तिला जन्मतःच मिळाला होता. आज ती दुकान बंद करून मुद्दाम आली होती.

"का नको?" ताईनं विचारलं.

"दिवा विझला."

कुठला दिवा हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यू पंचांगाचं नवं वर्ष लागून सहा दिवस झाले होते. चार दिवसांनी उपासाचा मोठा दिवस, त्या दिवशी देवाच्या वर्षभराच्या निवाड्यावर शिक्का बसणार. मधले हे दहा दिवस आपली चूक शोधायचे, ज्याचं वाईट केलं त्याच्या दारात जाऊन माफी मागायचे. तेशुवाचे, परत फिरण्याचे. आणि बाबांनी याच दहा दिवसांतला एक निवडून काल संध्याकाळी खाली बाइंडिंगच्या कारखान्यामागच्या बिनखिडकीच्या कोठीत दिवा लावला होता. तेल मोजून घातलं होतं, आज दुपारपर्यंत पुरेल इतकं.

ही कल्पना त्यांना एका जुन्या ग्रंथात मिळाली होती. प्रार्थनामंदिरातले फाटके ग्रंथ बाइंडिंगला त्यांच्याकडेच येत. त्यात होतं की वर्ष पार पडेल की नाही हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्यानं या दहा दिवसांत, वारा शिरत नाही अशा खोलीत दिवा लावावा. तेल संपेपर्यंत वात जळली तर समजावं की वर्ष निभावेल.

"सकाळी पाहिलं तर अर्धं तेल शिल्लक आणि वात काळी," बाबा म्हणाले. "आता मरायचंच आहे तर छाती कशाला फाडून घेऊ? आपल्या पलंगावर मरेन."

"बाबा, मी गेलो होतो कोठीत," बाळ्या घाईघाईनं म्हणाला. बाळ्या म्हणजे घरातला मुलगा. वय बेचाळीस, डोक्यावर टक्कल, अख्खा कारखाना चालवतो, पण नाव काही सुटलं नाही. "सरसाचा डबा आणायला. दार उघडं राहिलं. वारा आला असेल."

"सरसाचा डबा तीन महिने झाले कारखान्यातच, खालच्या फळीवर आहे."

"तो दुसरा..."

"बाबा, मीच गेले होते," सूनबाई म्हणून बसली. आपण खोटं बोलतोय याचा तिला स्वतःलाच धक्का बसला. "केरसुणी आणायला. पदराचा वारा लागला."

बाबांनी तिच्या अंगावरच्या सलवार-कमीजकडे एकदा पाहिलं आणि पाण्याचा घोट घेतला.

"खरं सांगायचं तर मी—" ताईनं सुरुवात केली.

"तू अकराला आलीस. दिवा सहाला विझलेला होता."

एरवी हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. ताईला हसू फुटलंही, पण ते मध्येच अडकलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, मी रोज झडपेच्या गोळ्या विकते. कुणाला किती दिवस काढता येतात ते मला कळतं. तुम्ही हे करू नका हो."

"मी काही करत नाहीये. झालंय ते सांगतोय."

आई उठली, ताटं गोळा करायला लागली.

*

आईनं नळ सोडला, पण ताटं विसळली नाहीत. पाणी नुसतं वाहत राहिलं.

डाव उलटला होता. पहाटे पाचला ती कोठीत गेली तेव्हा तिला वाटलं होतं की अंधार बघून हा माणूस घाबरेल, चपला घालेल आणि एकदाचा धाकट्या भावाकडे माफी मागायला जाईल. तेवीस वर्षं ती याच दहा दिवसांत त्याच्या चपलांकडे बघत आली होती. दर वर्षी तो निघायचा. कागदवाल्याकडे जायचा, शेजाऱ्यांकडे जायचा, पाववाल्यालासुद्धा म्हणायचा, काही चुकलंमाकलं असेल तर मनात ठेवू नका. कागदवाला दर वर्षी गोंधळायचा, कारण चुकायचा कागदवालाच. सगळं गाव माफ करून मोकळं व्हायचं आणि भावाच्या घराची गल्ली तेवढी टाळून तो परत यायचा, जेवायचा, उपास करायचा.

यंदा तर कुणाकडेच गेला नाही. माणसांना विचारायचं सोडून दिव्याला विचारत बसला. काल कोठीच्या दारातून तिनं त्याला पाहिलं होतं. स्टुलावर बसला होता, वातीकडे एकटक बघत. असं त्यानं तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं, हा राग वेगळाच.

म्हणून तिनं फुंकर मारली. आणि त्यानं त्या फुंकरेतून मरण वाचलं.

सांगितलं नाही तर नवरा जाणार. सांगितलं तर नुसतं दिव्याचं सांगून भागणार नव्हतं, सगळंच बाहेर येणार होतं, आणि त्यात तिचा स्वतःचाही वाटा होता. तिनं नळ बंद केला, हात पुसले आणि पुन्हा जेवणघरात गेली. एक चाळीस.

"दिवा मी फुंकला," ती म्हणाली.

बाबा हसले. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच हसले असतील. "या. चौथ्या तुम्ही. एक दिवा विझवायला अख्खं घर लागलं."

"अहो, थट्टा नाही. मी पाचला गेले. कोठीचं दार आत ओढून घेतलं आणि फुंकला."

"बरं."

"तुमचा विश्वास नाही?"

"अगं, तुझं मन मला कळत नाही का? माझ्या जिवासाठी तू वाटेल ते बोलशील. ही पोरं बोललीच की."

आई खुर्चीत बसली. चौघांमध्ये खरं बोलणारी ती एकटी आणि तिचंच खरं वाटेना. आधी तिघं खोटं बोलून बसले होते, प्रेमानं का होईना. तिला रडू येईल असं सूनबाईला वाटलं, पण ती रडली नाही. उलट तिचा आवाज एकदम चढला.

"आता कळलं का कसं वाटतं ते? खरं सांगायचं आणि कुणी ऐकायचं नाही? भावजी तेवीस वर्षं हेच गिळून बसलेत."

बाबांचा हात टेबलावरून खाली गेला.

"त्यांचा इथे काय संबंध?"

"त्यांचाच आहे. पोरांनो, ऐका. कटिंग मशीनच्या पात्यापुढची जाळी काकानं काढली नव्हती."

"आई, हे काय?" बाळ्या म्हणाला.

"हात आत जाऊ नये म्हणून असते ना ती जाळी? मोठी ऑर्डर होती, जाळीमुळे वेळ लागत होता, म्हणून यांनी आदल्या दिवशी काढली आणि त्यांना सांगायचं राहिलं. त्यांची दोन बोटं गेली. त्यांना दवाखान्यात सोडून हे परत आले आणि जाळी बसवली. मग सगळ्यांना सांगितलं, त्यानंच काढली असेल, बोटं गेल्यावर परत बसवायची शुद्ध होती तेवढं नशीब. प्रार्थनामंदिरात, बाजारात, सगळीकडे. ते बिचारे सांगत राहिले, जाळी नव्हतीच. लोक मशीनकडे बोट दाखवायचे, ही काय जाळी."

"तुला कसं माहीत?" ताईचा आवाज बारीक झाला होता.

"त्या दिवशी सकाळी मी खळीसाठी पीठ आणायला कोठीत गेले होते. जाळी तिथे भिंतीला टेकवलेली होती. मी पाहिली. आणि गप्प बसले. जाऊ दे, घर मोडेल म्हणून गप्प बसले. मोडायचं ते मोडलंच."

कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या कामगाराला बाळ्या पहिल्या दिवशी मशीनपाशी उभं करून सांगायचा, जाळीला हात लावायचा नाही, माझ्या काकानं लावला होता. इतकी वर्षं त्यानं ही गोष्ट किती जणांना सांगितली असेल याचा हिशोबच नव्हता. आणि काकाचा हात तर घरातला सगळ्यात सुंदर. पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरं काढावीत तर काकानंच. बाळ्याला अक्षर गिरवायला शिकवलं तेही काकानंच.

"बाबा?" तो म्हणाला.

बाबा नाकारतील असं ताईला वाटलं होतं. नाकारावं असंही वाटलं. पण ते टेबलावरच्या एका डागाकडे बघत राहिले. मग त्यांनी आईकडे पाहिलं.

"तू पाहिली होतीस?"

"हो."

"तेवीस वर्षं?"

"हो."

"मग तेही खरंच असणार. दिवाही तूच फुंकलास."

"तेच मघापासून सांगतेय."

सूनबाईनं घड्याळ पाहिलं. दोन वाजले होते. "बाबा, मग आता फोन करू? होकाराचा?"

"थांब," बाबा म्हणाले. चेहरा राखेसारखा झाला होता, पण ते उठले. "अजून नको. माझ्या चपला कुठायत?"

*

काका नोकरीला होता सरकारी ग्रंथालयात, पुस्तकं परत घ्यायच्या खिडकीवर. ग्रंथालयाचं बाइंडिंगचं काम कारखान्याकडेच असायचं. त्यामुळे इतक्या वर्षांत दोघा भावांमध्ये एकच पत्रव्यवहार होता. एखादं पुस्तक परत यायचं, आत कागदाचा कपटा, त्यावर डाव्या हातानं लिहिलेलं असायचं: शिवण सैल. किंवा पाठ वाकडी. बाबा पुस्तक उसवून पुन्हा शिवायचे. उत्तर कधीच लिहायचे नाहीत. कपटे मात्र फेकायचे नाहीत, हे फक्त बाळ्याला माहीत होतं.

व्हॅन बाळ्यानं चालवली. शेजारी बाबा, मागे कागदाच्या रिमांवर आई आणि ताई. माफी मागायची तर तिघांच्या देखत, असा नियमच होता. जो अपमान चारचौघांत केला तो चारचौघांतच फेडायचा. कोण कोण येणार याची चर्चाच झाली नाही. फोनपाशी सूनबाई बसली.

सिग्नलला गाडी थांबली की बाबा छातीवर हात ठेवायचे. बाळ्या ते बघायचा आणि बघितलं नाही असं दाखवायचा. त्याला बापाचा संताप आला होता, इतका की बोलायची सोय नव्हती, आणि तरी प्रत्येक खड्डा तो चुकवत होता.

ग्रंथालयात दुपारची सुस्ती होती. पंखे फिरत होते. एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र पुढ्यात धरून पेंगत होते. काका खिडकीमागे परत आलेल्या पुस्तकांच्या मुदतीच्या चिठ्ठ्या तपासत होता. उजव्या हाताला तीनच बोटं, त्यामुळे पानं उलटायची त्याची एक वेगळी पद्धत झाली होती, अंगठ्याच्या पेरानं. त्यानं वर पाहिलं. आधी भाऊ दिसला, मग मागे वहिनी, मग पोरं.

"काय बाइंडर," तो म्हणाला. "शिवण सैल होती म्हणून तक्रार करायला आलात की काय सगळे?"

"धाकट्या," बाबा म्हणाले आणि थांबले. रस्ताभर जुळवलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. "जाळी मी काढली होती. तुला सांगितलं नाही. मग परत बसवली. मग तुझं नाव घेतलं. सगळ्यांच्या पुढे घेतलं. तू खोटा नव्हतास. मी होतो. मला माफ कर."

काकानं हातातली चिठ्ठी पुस्तकात नीट खोचली. पुस्तक बाजूला ठेवलं. या क्षणाची तो वाट बघत नव्हता असं नाही. पहिली काही वर्षं तर दर वर्षी या दहा दिवसांत तो संध्याकाळी घराबाहेर पडत नसे, न जाणो कुणी येऊन परत जाईल. मग त्यानं ते सोडून दिलं. आता आलाच आहे तर आनंद व्हायला हवा होता. झाला फक्त राग, ताजा, कालच्यासारखा.

"आजच का?" त्यानं विचारलं.

बाबांनी सांगितलं. झडप, ऑपरेशन, दिवा, सगळं.

"म्हणजे दिवा विझला म्हणून आलास."

"नाही. दिवा विझला तेव्हा मी पलंगावर पडून राहणार होतो. तुझी वहिनी बोलली म्हणून आलो."

"दिव्याचं कुठे वाचलंस?"

बाबांनी ग्रंथाचं नाव सांगितलं.

"आणि पानाखालची टीप?"

"टीप? टीप नव्हती."

काका खुर्चीत मागे टेकला. "होती. आमच्याकडे दुसरी प्रत आहे, मी वाचलीय. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की असं करू नये. दिवा भलत्याच कारणानं विझतो, माणूस खचतो आणि त्या खचण्यानंच बुडतो. उद्याचं विचारू नये, आज सरळ वागावं." तो थांबला. "तुझ्या प्रतीच्या कडा कापल्यास ना बाइंडिंगच्या वेळी?"

बाबांनी होकारार्थी मान हलवली.

"त्यातच गेली ती. तुझ्या मशीननं काय काय कापलं याची तुला कधी खबरच नसते."

ताईनं डोळे मिटून घेतले. पेंगणारे गृहस्थ आता पूर्ण जागे होते.

"मला माफ कर," बाबा दुसऱ्यांदा म्हणाले.

"नाही," काका म्हणाला.

मग आई पुढे झाली. "भावजी, मलाही मागायचीय. मी जाळी कोठीत पाहिली होती. त्या सकाळीच. मला माहीत होतं तुम्ही खरं बोलताय."

काकाचा चेहरा आता खरा उतरला. भावाचं त्याला माहीत होतं, हे माहीत नव्हतं. "तुम्हाला माहीत होतं, वहिनी?"

"हो."

"दवाखान्यात रोज जेवण घेऊन यायचात. तेव्हाही?"

"तेव्हाही."

बाळ्यानं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि लगेच आपल्या बुटांकडे पाहिलं. साडेतीन. चार वाजता दवाखान्याची वेळ जाणार होती आणि या खोलीत कुणाला घाई करायचा अधिकार उरला नव्हता. बाबांनी खिडकीच्या फळीला धरलं होतं. श्वास मोठ्यानं ऐकू येत होता.

"किती वेळा मागायची असते?" काकानं अचानक विचारलं.

"तीन वेळा," बाबा म्हणाले. "तिसऱ्यांदा नाही म्हटलं तर मागणारा सुटतो."

"तू किती वेळा मागितलीस?"

"दोनदा."

"मग तिसऱ्यांदा इथे मागू नकोस. दवाखान्यात माग. ऑपरेशननंतर, शुद्धीवर आलास की. वहिनी, तुम्हीही तिथेच."

"पण मधे उपासाचा दिवस आहे," बाबा म्हणाले. "तुझी माफी नसताना मी काय तोंड घेऊन उभा राहू?"

"मागून नकार मिळाला आहे, हे तोंड घेऊन उभा राहा. मीही तेवीस उपास मन मोकळं न होताच केले. वरच्याशी तू बोल, माझं माझ्यापाशी."

"आणि शुद्धीवर आलोच नाही तर?"

"मला काय विचारतोस?" काका ओरडलाच. ग्रंथालयात इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज वर गेला असेल. "मी काय दिवा आहे?"

बाबांचे ओठ थरथरले. हसू होतं की रडू ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

काकानं टेबलाच्या खणातून मुदतीची एक कोरी चिठ्ठी काढली. तीन बोटांत शिक्का धरला, चाकं फिरवून तारीख लावली. ऑपरेशनची तारीख त्यानं बाळ्याला विचारून घेतली आणि तिच्यापुढे चार दिवस धरले. शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि चिठ्ठी खिडकीतून पुढे सरकवली.

"या तारखेला येईन मी. पुस्तक उशिरा आलेलं मला चालत नाही."

"ही काही खूण समजू का?" बाबांनी विचारलं. जुनी खोड, जाता जात नाही.

"समजू नकोस. मुदत आहे, दादा. ये म्हणजे झालं."

दादा हा शब्द बाळ्यानं ऐकला, आईनं ऐकला. बाबांनी मात्र चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवण्यात वेळ काढला, आणि मग बाळ्याकडे हात पुढे केला. बाळ्यानं फोन दिला. चारला दहा कमी होते.

"सूनबाई," बाबा म्हणाले, आणि घसा साफ करून पुन्हा म्हणाले, "सूनबाई, लाव फोन त्यांना. येतोय म्हणावं."